दगडी पाला आणि धनुर्वात

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी काही लाख माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या रानात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पहाटेच्या अंधारात डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हाताने बुडाशी वार करायचा, असे दिवसभरात शेकडो वार होतात. त्यातला एखादा चुकतो आणि डाव्या हाताच्या बोटावर किंवा पायाच्या नडगीवर बसतो.

त्या वेळी दवाखाना जवळ नसतो. जवळ असतो तो बांधावरचा दगडी पाला. चार पाने तोडायची, तळहातावर चोळायची, रस जखमेवर पिळायचा, चोथा वर दाबायचा, जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि पुन्हा कोयता हातात घ्यायचा. रक्त थांबते. चार-सहा दिवसांत जखम मिटूही लागते. पाला लागू पडला, असे सगळे म्हणतात. तो खरोखर किती लागू पडला आणि त्याने काय केले नाही, हे तपासणे गरजेचे आहे. कारण त्याने जे केले नाही, त्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते.

दगडी पाल्याला कुठे कंबरमोडी म्हणतात, कुठे एकदांडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. सूर्यफूल, झेंडू आणि शेवंतीच्या कुळातली ही वनस्पती. जमिनीलगत पसरणारे केसाळ खोड, कडेला दाते असलेली खरखरीत पाने आणि त्यातून वर आलेला वीतभर लांब एकच दांडा. दांड्याच्या टोकाला पिवळे फूल, त्याच्या भोवती फिकट पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. म्हणून नाव एकदांडी. फूल सुकले की म्हातारीसारखे तंतू लागलेले बी वाऱ्यावर उडते. त्यामुळे माळरान, रेल्वेचा रूळ, शाळेचे मैदान, धारूरच्या घाटातला रस्ता, कुठेही ती सापडते आणि पावसाचा थेंब नसतानाही तग धरते.

इतकी ओळखीची ही वनस्पती मुळात इथली नाही. तिचे मूळ गाव मध्य अमेरिका. १७५३ साली लिनियसने तिला नाव दिले ते मेक्सिकोतल्या वनस्पतीवरून. युरोपची जहाजे अमेरिकेला जाऊन आल्यानंतरच ती आपल्याकडे पोचली. म्हणजे चरक-सुश्रुतांच्या संहितांमध्ये ती असणे शक्यच नव्हते. आज आपण जिला आजीबाईच्या बटव्यातली पुरातन वनस्पती समजतो, ती मिरची-बटाट्यासारखी पाहुणी म्हणून आलेली आहे. कुणा गुराख्याने, कुणा शेतकऱ्याच्या बायकोने ती वापरून पाहिली, गुण दिसला, शेजारणीला सांगितले आणि काही पिढ्यांत ती गावोगावच्या माहितीचा भाग झाली. ही गोष्ट गावच्या लोकांच्या निरीक्षणशक्तीला मोठी दाद देणारी आहे. आणि तिच्यातच एक धडाही आहे. लोकांचे ज्ञान जुने म्हणून मौल्यवान नसते, ते पाहून-तपासून मिळवलेले असते म्हणून मौल्यवान असते. तेव्हा पाहणे आणि तपासणे पुढेही चालू ठेवले पाहिजे.

प्रयोगशाळेतल्या अभ्यासांनी लोकांचे निरीक्षण बऱ्याच अंशी खरे ठरवले आहे. पानांच्या अर्काने परीक्षानळीतले रक्त लवकर गोठते, असे दिसले आहे. पानांत टॅनिन आणि फ्लॅव्होनॉइड गटातली द्रव्ये आहेत. टॅनिनमुळे जखमेवरची प्रथिने आकसतात आणि बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे मिटायला मदत होते. स्टॅफिलोकोकससारख्या पू करणाऱ्या काही जिवाणूंची वाढही अर्कामुळे काचपात्रात मंदावते. उंदरांवरच्या प्रयोगांत जखम भरून येण्याच्या प्रक्रियेवर या अर्काचा अनुकूल परिणाम दिसला आहे. हे प्रयोग आपल्या देशातल्याच वैद्यकीय महाविद्यालयांतल्या संशोधकांनी १९८०च्या दशकापासून केलेले आहेत.

पण परीक्षानळी, उंदीर आणि माणूस या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर वापरलेला अर्क स्वच्छ पानांपासून, ठरावीक मात्रेत, निर्जंतुक भांड्यात केलेला असतो. फडातला पाला घामेजल्या, मातीने भरलेल्या तळहातावर चोळलेला असतो. शिवाय आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. निरोगी माणसाची छोटी जखम काही न लावताही साधारण तीन ते दहा मिनिटांत रक्त वाहणे थांबवते. पाल्याचा चोथा लावताना अंगठ्याने जखम घट्ट दाबलेली असते. रक्तस्राव थांबवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय तोच, दाब. ऑपरेशन थिएटरमध्येही सर्जन आधी गॉजने दाबतो, मग पुढचे पाहतो. पाल्याचा वाटा असेलही, पण मोठे काम अंगठ्याने केलेले असते आणि श्रेय मात्र पाल्याला मिळते.

इथवर फारसे बिघडत नाही. बिघडते ते पुढे. रक्त थांबले म्हणजे जखमेचे संकट संपले, असा समज होतो. जखम वरून मिटली की तो समज पक्का होतो. आणि धनुर्वाताचा जंतू नेमका याच वेळेची वाट पाहत असतो.

धनुर्वाताच्या जंतूचे नाव क्लॉस्ट्रिडियम टेटनी. त्याचे बीजाणू मातीत असतात, गाई-बैल-घोड्यांच्या शेणात असतात, आणि वर्षानुवर्षे जिवंत राहतात. सुकल्याने ते मरत नाहीत. उसाच्या फडात माती आहे, बैलगाडीचे बैल आहेत, शेण आहे. कोयत्याच्या पात्यावर हे बीजाणू असू शकतात, पायात घुसणाऱ्या उसाच्या खुंटावर असू शकतात, आणि जमिनीलगत वाढणाऱ्या दगडी पाल्याच्या केसाळ पानांवरही असू शकतात. औषध म्हणून लावलेला पालाच बीजाणू आत नेऊ शकतो. कापसाच्या किंवा भाजीच्या बांधावरचा पाला असेल तर त्यावर कीटकनाशक किंवा तणनाशक उडालेले असण्याची भर वेगळी.

या जंतूला प्राणवायू सोसत नाही. उघड्या, स्वच्छ धुतलेल्या, ताज्या रक्ताचा पुरवठा असलेल्या जखमेत तो वाढू शकत नाही. खोल गेलेली, आत मेलेले मांस, माती किंवा पानाचा चोथा राहिलेली आणि वरून मिटलेली जखम त्याला हवी असते. तिथे बीजाणू रुजतो आणि एक विष तयार करतो. माणसाला माहीत असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी ते एक आहे. हे विष मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूपर्यंत चढते आणि स्नायूंना सैल सोडणारी यंत्रणा बंद पाडते. मग स्नायू आखडलेलेच राहतात. आधी जबडा उघडत नाही, गावाकडे ज्याला दातखीळ म्हणतात. मग गिळता येत नाही, मान ताठ होते, पोट लाकडासारखे कडक होते. पुढे उजेडाने, आवाजाने, नुसत्या स्पर्शाने झटके येतात आणि शरीर धनुष्यासारखे मागे वाकते. श्वासाचे स्नायू आखडले की माणूस गुदमरतो. या सगळ्या काळात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो.

जखम झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते एकवीस दिवस जातात, बहुधा आठवडा-दहा दिवस. तोवर जखम भरलेली असते, कधी तर विसरलेलीही असते. म्हणून दातखीळ बसली तर कुणी दाताच्या डॉक्टरकडे जाते, कुणी देवऋषाकडे. काट्याचा नायटा होतो तो असा. अशा रुग्णाला व्हेंटिलेटरची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात, अंधाऱ्या आणि शांत खोलीत, अनेक आठवडे ठेवावे लागते. मज्जातंतूंना चिकटलेले विष काढून घेणारे औषध उपलब्ध नाही. त्याचा परिणाम ओसरेपर्यंत माणसाला जगवत ठेवायचे, एवढेच हाती असते. आणि इतके सोसून बरा झालेला रुग्णही या रोगापासून सुरक्षित होत नाही. रोग घडवायला पुरेसे असलेले विष शरीराच्या संरक्षक यंत्रणेला जाग यावी इतकेही नसते. त्यालाही नंतर लस घ्यावीच लागते.

याउलट हा रोग टाळणे फार सोपे आहे. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताच्या विषाविरुद्ध रक्तात संरक्षक द्रव्य तयार होते, हे दाखवून दिले. पुढे १९२०च्या दशकात विषाचा दंश काढून घेऊन त्याची लस करण्यात आली. १९६६ साली पुण्यात सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सुरुवातीच्या उत्पादनांत घोड्यांच्या रक्तातून काढलेले धनुर्वातविरोधी सीरम होते. आज लस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. पूर्वी तिला टीटी म्हणत. आता तिच्यात घटसर्पाची लसही असते आणि तिला टीडी म्हणतात. गरोदर स्त्रियांना ही लस देण्याच्या आणि दवाखान्यात बाळंतपण करण्याच्या मोहिमेमुळे माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात देशातून जवळजवळ हटला. २०१५ साली भारताने तसे यश मिळवल्याचे जाहीर झाले. नाळेला शेण, राख लावण्याची जुनी रीत मोडली, हेही त्या यशाचे एक कारण आहे.

मग धोका उरला कुणाला? बाळंतपणाच्या निमित्ताने स्त्रियांना लस मिळाली. १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमानंतर जन्मलेल्या मुलांना ती मिळण्याची शक्यता वाढली. पण त्याआधी जन्मलेले पुरुष, शाळा अर्धवट सुटल्यामुळे दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा डोस चुकलेली मुले, आणि दर वर्षी सहा महिने गावाबाहेर असल्यामुळे आरोग्य सेविकेच्या यादीतून निसटणारी कुटुंबे यांच्यापर्यंत संरक्षण पुरेसे पोचत नाही. आणि हातात कोयता याच माणसांच्या असतो. लसीचे संरक्षण कायमचे नसते. दर दहा वर्षांनी एक डोस लागतो. ज्याने कधीच घेतली नाही, त्याला आधी दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने आणि तिसरा सहा ते बारा महिन्यांनी घ्यावा लागतो.

म्हणून कोयता लागल्यावर काय करायचे, हे प्रत्येक टोळीत सगळ्यांना माहीत असायला हवे. पहिली गोष्ट, स्वच्छ फडक्याने जखम दहा मिनिटे सलग दाबून धरायची. मध्ये उचलून पाहायचे नाही. हात किंवा पाय हृदयापेक्षा वर धरायचा. दोरीने आवळून बांधायचे नाही, त्याने बोट मरते. रक्त थांबले की पिण्याच्या पाण्याने आणि अंगाच्या साध्या साबणाने जखम भरपूर धुवायची, माती-कचरा निघून जाईपर्यंत. पाटाचे पाणी नको. मग स्वच्छ कोरडे फडके बांधायचे आणि त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जायचे. जखम खोल असेल, कडा उघड्या असतील, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर सहा ते आठ तासांच्या आत पोचणे चांगले, म्हणजे टाके आणि स्नायूंची जोडणी नीट होते. बोट तुटून पडले असेल तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचे नाही.

केंद्रात गेल्यावर शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, हे सांगायचे. मातीने माखलेल्या जखमेसाठी मागचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल तरी नवा घ्यावा लागतो. पूर्वी कधीच लस घेतली नसेल किंवा आठवत नसेल, तर अशा जखमेसाठी लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही लागते. कारण नवी लस शरीरात कामाला लागायला वेळ घेते आणि जंतू तेवढा थांबत नाही. हे इंजेक्शन नसेल तर ते असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवणे हे केंद्राचे काम आहे.

मग पाल्याला जागाच नाही का? आहे, पण छोटी. नुसते खरचटले असेल, उसाच्या पातीने कातडी वरवर कापली असेल आणि पाला स्वच्छ पाण्याने धुऊन घेतलेला असेल, तर तो लावल्याने मोठे नुकसान होणार नाही. मात्र नंतर तो पूर्ण धुऊन काढायला हवा. खोल जखमेत पाला, हळद, चुना, तंबाखू, चहापूड, राख यांतले काहीही भरायचे नाही. मधुमेह असलेल्यांनी तर पायाच्या जखमेवर पाला लावून घरी थांबूच नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, दुखत नाही म्हणून जखम बरी वाटते आणि आत सडत जाते. साप चावल्यावर पाल्याचा उपयोग शून्य आहे. तिथे सरळ दवाखाना गाठायचा. जुलाब, मधुमेह, केसगळती यांसाठी पाल्याचा रस पिण्याचा किंवा तो तेलात उकळण्याचा सल्लाही फिरत असतो. पोटात घेण्याची सुरक्षित मात्रा माणसांवर ठरलेली नाही, म्हणून रस पिऊ नये. माका समजून दगडी पाला विकला जातो, हाही घोटाळा जुना आहे. दोन्ही एकाच कुळातल्या, दिसायला थोड्या सारख्या, पण वेगळ्या वनस्पती आहेत.

याच कुळातला आणखी एक अमेरिकन पाहुणा म्हणजे गाजरगवत. १९५६ साली पुण्यातून त्याची नोंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत ते राज्यभर पसरले. त्याने अंगावर उठणारी खाज आणि फुटणारी कातडी मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना चांगलीच ठाऊक आहे. ज्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे, त्यांना याच कुळातल्या इतर वनस्पतींचीही होऊ शकते. अशांनी कुठलाही पाला जखमेवर चोळणे टाळलेले बरे.

पाल्यातून खरे औषध निघू शकते, याचा सर्वांत मोठा दाखलाही याच कुळात आहे. चीनमध्ये तापावर वापरल्या जाणाऱ्या आर्टेमिसिया या वनस्पतीवर तू यूयू यांनी १९७०च्या दशकात काम केले. कोणता भाग घ्यायचा, किती तापमानाला अर्क काढायचा, किती मात्रा द्यायची, हे एकेक करून ठरवले, आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासले. त्यातून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाच्या गंभीर प्रकारासाठी जे औषध मिळते, ते त्याच कुळातले. दगडी पाल्याच्या बाबतीत हा प्रवास अर्ध्या वाटेवर आहे. तो पूर्ण करण्यासारखा आहे, आणि त्यासाठी मराठवाड्यातल्या वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालयांइतकी योग्य जागा दुसरी नाही.

पण तोवर फडातल्या बाईने काय करावे, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो नुसत्या आरोग्यशिक्षणाने सुटणारा नाही. तिला इंजेक्शनचे महत्त्व कळत नाही, असे समजणे चूक आहे. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा ‘खाडा’ हा शब्द राज्यभर पोचला. कामावर न गेलेल्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत मिळवला जातो. दवाखान्याची एक फेरी म्हणजे एक खाडा, आणि नवरा सोबत गेला तर पूर्ण कोयत्याचा खाडा. अशा हिशोबात बांधावरचा फुकटचा पाला जिंकणारच. पाल्यावरची श्रद्धा त्यामागे थोडी असेल, पण नाइलाज त्याहून मोठा आहे.

तेव्हा करायचे ते स्पष्ट आहे. टोळ्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गावातच असतात. कोण जाणार, हे आशाताईंना माहीत असते. निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याला, म्हणजे बाईला आणि बाप्यालाही, टीडीचा डोस द्यावा आणि त्याची नोंद कामगाराच्या हातात कार्डावर असावी, म्हणजे परजिल्ह्यातल्या डॉक्टरला विचारत बसावे लागणार नाही. प्रत्येक टोळीबरोबर साबण, गॉज, पट्ट्या आणि चिकटपट्टी असलेली पेटी असावी आणि ती पुरवण्याची जबाबदारी कारखान्याची असावी. कोयता लागलेल्या दिवसाचा खाडा धरू नये. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. या तीन गोष्टी त्याच्या कामात बसणाऱ्या आहेत आणि त्यांना फार पैसाही लागत नाही. ज्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते, त्याच्या एका दिवसाच्या खर्चात कित्येक टोळ्यांच्या पेट्या भरतील.

दगडी पाला बांधावर राहणारच आहे, आणि कुणाचे बोट कापले तर आधी हात त्याच्याकडेच जाईल. जाऊ द्यावा. फक्त पाला लावून झाल्यावर ‘आता इंजेक्शन’ हे वाक्य टोळीतल्या प्रत्येकाच्या तोंडी आले पाहिजे, आणि ते उच्चारणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या वहीत खाडा दिसता कामा नये.